घरून डायरेक्ट सेलिंग करणाऱ्यांसाठी: इन्कम टॅक्समध्ये कोणता खर्च वजा होतो आणि तो कसा दाखवायचा

डबे, सौंदर्यप्रसाधनं, प्रोटीन पावडर, नॉनस्टिक भांडी, साफसफाईची लिक्विडं असं काहीही घरून विकत असाल, तर कंपनीचं कमिशन बँकेत येतं तेव्हा त्यातून बहुधा टीडीएस (कंपनीने आधीच कापून सरकारकडे भरलेला कर) कापलेला असतो. वर्षभराचं कमिशन २०,००० रुपयांच्या वर गेलं की कलम १९४एचखाली २ टक्के कापणं कंपनीला बंधनकारक आहे. पॅन दिलेला नसेल तर हीच कपात २० टक्के होते. "माझं उत्पन्न कमी आहे, १५जी (कर कापू नका असं सांगणारा फॉर्म) भरून देते" हा बँकेतल्या एफडीला चालणारा उपाय इथे चालत नाही, कारण १९४एचच्या कमिशनला १५जी लागू नाही. कापलेला पैसा परत हवा असेल तर रिटर्न भरायलाच हवं, आणि रिटर्नमध्ये खर्च नीट दाखवायला हवा.

या लेखातले सगळे दर आणि मर्यादा आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू होतो आणि कलमांचे क्रमांक बदलतात. पण २०२५-२६ चं रिटर्न जुन्या, १९६१ च्या कायद्यानेच भरायचं आहे.

एक गैरसमज आधी दूर करू. नव्या करप्रणालीत वजावटी मिळत नाहीत असं सगळे म्हणतात ते गुंतवणुकीवरची ८०सी, आरोग्य विम्यावरची ८०डी यांसारख्या वजावटींबद्दल. धंद्याचा खर्च ही वेगळी गोष्ट आहे. नफा काढण्यासाठी विक्रीतून आणि कमिशनमधून जो खर्च वजा होतो, तो जुन्या आणि नव्या दोन्ही प्रणालींत वजा होतो. पगारदारांना मिळणारी ७५,००० ची प्रमाणित वजावट मात्र कमिशनवर मिळत नाही.

आयटीआर-४ चा सोपा रस्ता आणि तो का बंद आहे

छोट्या धंद्यासाठी कलम ४४एडी आहे. उलाढालीच्या ८ टक्के, आणि पैसे बँकेतून किंवा यूपीआयने आले असतील तर ६ टक्के, एवढा नफा धरायचा आणि मोकळं व्हायचं. वही नको, बिलं नकोत. म्हणून डायरेक्ट सेलिंगवाल्यांना सर्रास आयटीआर-४ (असा अंदाजे नफा दाखवायचा सोपा रिटर्न फॉर्म) भरून दिला जातो. पण याच कलमात स्पष्ट लिहिलं आहे की कमिशन किंवा दलालीच्या स्वरूपाचं उत्पन्न मिळवणाऱ्याला आणि एजन्सीचा धंदा करणाऱ्याला ते लागू नाही. तुमच्या एआयएसमध्ये (आयकर खात्याकडे असलेल्या तुमच्या व्यवहारांच्या पत्रकात) १९४एचची नोंद असते आणि रिटर्न आयटीआर-४ असतं. विसंगती तिथल्या तिथे उघडी पडते.

तुम्ही फक्त डीपीला (वितरकाच्या दराला) माल घेऊन एमआरपीला विकत असाल आणि कमिशनचा एक रुपयाही येत नसेल, तर ४४एडी घेता येतं. टीमच्या विक्रीवरचा बोनस सुरू झाला की तो रस्ता संपला. मग आयटीआर-३ फॉर्म, आणि प्रत्यक्ष खर्च वजा करून प्रत्यक्ष नफा. कमिशन "इतर उत्पन्न" या रकान्यात टाकण्याचा प्रकारही बराच दिसतो. तोही टाळा. हा धंदा आहे, उत्पन्न धंद्याच्याच शीर्षकाखाली गेलं पाहिजे, तरच पुढचे सगळे खर्च आणि घसारा (वापराने वस्तूची दरवर्षी कमी होणारी किंमत) बिनतक्रार मागता येतात.

कंपनीचा आयडी, पॅन आणि बँक खातं एकाच व्यक्तीचं आहे ना, तेही आत्ताच तपासा. आयडी ताईंच्या नावाने आणि पॅन नवऱ्याचा दिलेला असेल तर टीडीएस नवऱ्याच्या २६एएसमध्ये (पॅनवर जमा झालेल्या टीडीएसच्या पत्रकात) जाऊन बसतो आणि ताईंना तो मागता येत नाही. कंपनीकडून पॅन दुरुस्त करून घ्यायला वेळ लागतो. मार्च उजाडेपर्यंत थांबू नका.

माल: सगळ्यात मोठी चूक इथे होते

कायद्याची कसोटी एका ओळीची आहे: खर्च पूर्णपणे आणि केवळ धंद्यासाठी झालेला हवा, वैयक्तिक नको. डायरेक्ट सेलिंगमध्ये ही कसोटी सगळ्यात जास्त मोडते ती मालाच्या खरेदीवर. कंपनीतली लेव्हल टिकवायला दर महिन्याला ठरावीक पीव्हीची (पॉइंट व्हॅल्यू, म्हणजे कंपनीने मालाला दिलेल्या गुणांची) खरेदी करावी लागते. त्यातला काही माल विकला जातो, काही घरात वापरला जातो. शाम्पू, टूथपेस्ट, मुलांचं प्रोटीन. घरात वापरलेला माल हा धंद्याचा खर्च नाही, मग तो पीव्हीसाठी घ्यावाच लागला असेना का. "घेतलं नसतं तर कमिशन मिळालं नसतं" हा युक्तिवाद ऐकायला पटतो, पण टूथपेस्ट तुमच्याच घरात संपली, हे त्याने बदलत नाही.

यावर उपाय आहे आणि तो सोपा आहे. कंपनीचं बिल हातात आलं की त्याच दिवशी प्रत्येक ओळीसमोर पेनाने एक अक्षर लिहा. वि म्हणजे विक्री, घ म्हणजे घर, न म्हणजे नमुना. समजा ४,२६० चं बिल आलं. त्यात दोन फेसवॉश आणि एक हँडवॉश घरासाठी, ७९० रुपये. एक क्रीम डेमोला उघडणार, ३४०. उरलेला ३,१३० चा माल विक्रीला. वहीत तीन आकडे तीन रकान्यांत जातात. दोन मिनिटांचं काम. सहा महिन्यांनी हेच आठवून करायला बसलात तर सगळंच "वि" वाटायला लागतं, आणि चौकशी झालीच तर अंदाजाने काढलेला आकडा टिकत नाही.

३१ मार्चला कपाट उघडून शिल्लक माल मोजा. नग, खरेदी किंमत, एक्सपायरी, एवढं कागदावर लिहून खाली तारीख आणि सही. शिल्लक माल हा त्या वर्षीचा खर्च नसतो. तो पुढच्या वर्षीचा सुरुवातीचा साठा होतो. किंमत धरताना खरेदीची किंवा बाजारात मिळेल ती, यातली कमी असेल ती धरतात. म्हणून एक्सपायरी उलटलेला माल शून्य किमतीला धरता येतो आणि नुकसान आपोआप नफ्यातून वजा होतं. त्यासाठी बॅच नंबर आणि तारीख दिसेल असा फोटो काढा, यादी करा, मग माल फेका. फोटो न काढता फेकलेला माल आणि गुपचूप विकलेला माल कागदावर सारखेच दिसतात.

उधारी बुडाली तर? तो माल विकल्याच्या वर्षी विक्रीत धरला होता का, एवढंच बघायचं. धरला असेल तर वहीत "बुडीत" लिहून वजा होईल. पैसे हातात आल्यावरच विक्री लिहायची पद्धत असेल, तर ती विक्री उत्पन्नात आलेलीच नसते; मग वेगळं वजा करायला काही उरत नाही.

घराची जागा

घर भाड्याचं असेल तर धंद्याने व्यापलेल्या भागाचं भाडं वजा होतं. टेप घ्या आणि मोजा. ६०० चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये १० बाय ८ ची खोली फक्त मालाची रॅकं, पॅकिंगचं टेबल आणि लॅपटॉप यांसाठी वापरत असाल, तर ८० भागिले ६००, म्हणजे १३.३ टक्के. भाडं १५,००० असेल तर महिन्याला २,०००, वर्षाला २४,०००. मोबाइलवर त्या खोलीचा एक फोटो आणि हाताने काढलेला साधा नकाशा वहीत चिकटवून ठेवा. हॉलमधल्या ज्या सोफ्यावर संध्याकाळी सगळं घर टीव्ही बघतं, तो कोपरा यात धरू नका.

लिव्ह अँड लायसन्सचा नोंदणी केलेला करार तुमच्या नावाने किंवा दोघांच्या नावाने असावा, आणि तुमच्या वाट्याचं भाडं तुमच्या खात्यातून जावं. नवरा याच भाड्यावर एचआरएची (घरभाडे भत्त्याची) सूट घेत असेल तर तोच रुपया दोनदा मागता येत नाही. तुमचा भाग त्याच्या दाव्यातून कमी करावा लागेल.

स्वतःच्या किंवा नवऱ्याच्या घरात राहत असाल तर मनाने भाडं धरता येत नाही. स्वतःच्या घरावर त्या भागाची दुरुस्ती, मालमत्ता कर आणि विमा यांचा तेवढाच हिस्सा घेता येतो. सासूबाईंच्या घराचं भाडं देऊन ते दाखवायचं असेल तर करार, दरमहा बँकेतून रक्कम आणि त्यांच्या रिटर्नमध्ये ते उत्पन्न, या तिन्ही गोष्टी खऱ्या हव्यात. फक्त कागदावर भाडं दाखवू नका.

विजेचा हिस्सा घेता येतो, पण दोन बल्ब आणि एका लॅपटॉपसाठी महावितरणच्या बिलाचे २० टक्के मागणं पटणारं नाही. आकडा छोटा असेल तर सोडून दिलेला बरा.

घरून धंद्याच्या वजावटींवरचे इंटरनेटवरचे बरेच व्हिडिओ अमेरिकेतले असतात. तिथे मैलामागे ठरलेला दर आणि घरातल्या जागेसाठी चौरस फुटामागे ५ डॉलर अशी सोय आहे. भारतात असा सरसकट दर नाही. इथे प्रत्यक्ष खर्च आणि त्यातला धंद्याचा हिस्सा, हेच चालतं.

गाडी, मोबाइल आणि घसारा

स्कूटरसाठी डिकीत एक छोटी वही ठेवा: तारीख, कुठे, कशासाठी, मीटर सुरुवातीचं, मीटर शेवटचं. "कोथरूड, तीन ऑर्डर पोचवल्या, १४ किमी." भाजी आणायला गेलात त्या फेरीची नोंद नको, पण १ एप्रिल आणि ३१ मार्चचं मीटर मात्र लिहाच, म्हणजे वर्षाची एकूण धाव कळते. एकूण ६,००० किमीपैकी २,४०० धंद्याचे असतील तर हिस्सा ४० टक्के. पेट्रोल १४,०००, सर्व्हिसिंग ३,२००, विमा १,८००, मिळून १९,०००; त्याचे ४० टक्के म्हणजे ७,६००. पेट्रोल पंपावर यूपीआयने पैसे दिले तरी बिल मागून घ्या, नुसत्या यूपीआयच्या नोंदीत ते पेट्रोल होतं हे दिसत नाही.

मोबाइल, लॅपटॉप, स्कूटर, रॅक या वस्तूंची किंमत एका वर्षात खर्च म्हणून टाकता येत नाही. त्यावर दरवर्षी घसारा मिळतो. कॉम्प्युटर आणि लॅपटॉपला ४० टक्के, स्कूटर, गाडी आणि मोबाइलला १५, फर्निचरला १०. पहिल्या वर्षी १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर दर निम्मा. डिसेंबरात १८,००० चा मोबाइल घेतला आणि ६० टक्के धंद्यासाठी वापरला, तर पहिल्या वर्षी १८,००० चे साडेसात टक्के, म्हणजे १,३५०, आणि त्याचे ६० टक्के म्हणजे ८१० रुपये. अख्खे १८,००० खर्चात टाकलेली रिटर्न्स फार दिसतात, आणि नफातोटा पत्रकातली ही चूक तपासणाऱ्याच्या डोळ्यांत लगेच भरते.

रिचार्ज आणि वाय-फाय यांचा हिस्सा वापरावरून ठरवा आणि वर्षभर तोच ठेवा. धंद्याचं वेगळं सिम असेल तर त्याचं रिचार्ज पूर्ण वजा होतं, भांडणच मिटतं.

डेमो, हळदीकुंकू, भिशी

भांड्यांचा डेमो करताना लागणारं तेल, बेसन, भाज्या हा धंद्याचा खर्च आहे. फक्त त्याचं बिल महिन्याच्या किराण्यात मिसळू नका. दुकानदाराला वेगळं करायला सांगा आणि मागे "डेमो, अमुक सोसायटी, ९ जणी" असं लिहा. नमुना म्हणून दिलेल्या सॅशेंची यादी ठेवा. कोणाच्या घरी डेमो झाला त्या यजमानीणबाईंना दिलेली भेटवस्तूही वजा होते, नाव आणि तारीख असेल तर.

हळदीकुंकवाला बायका जमतात आणि तिथेच कॅटलॉग फिरतो, हे स्वाभाविक आहे. पण वाण, तिळगूळ, फुलं हा घरचा खर्च. त्या दिवशी उघडलेली क्रीमची ट्यूब आणि वाटलेले नमुने तेवढे धंद्याचे. भिशीत भरलेली रक्कम तर कुठल्याच बाजूने खर्च नाही, ती बचत आहे. मीटिंगसाठी घेतलेली साडी, पार्लर, चपला याही वैयक्तिकच. इथे मोह होतो, पण आग्रहाने सांगायचं तर एका साडीच्या बिलामुळे बाकीच्या खऱ्या खर्चांवरही शंका घेतली जाते.

ट्रेनिंगचं तिकीट, तिथवरचा एसटी किंवा रेल्वेचा प्रवास, कॅटलॉग, ऑर्डर बुकं, कुरिअर, बॉक्स, टेप, दिवाळीला ग्राहकांना दिलेल्या भेटी, बँकेचे चार्जेस, भरत असाल तर व्यवसाय कराचे वर्षाचे २,५०० हे सगळं सरळ वजा होतं. बचत गटातून कर्ज काढून माल भरला असेल तर त्याचं व्याजही. एकाच माणसाला एका दिवसात १०,००० पेक्षा जास्त रोख देऊ नका, ती रक्कम खर्चात धरली जात नाही.

कंपनीची सहल, मिक्सर, सोन्याचं नाणं

टार्गेट पूर्ण केल्यावर मिळालेली परदेशवारी फुकट नसते. १ जुलै २०२२ पासून कलम १९४आर लागू आहे. वर्षात २०,००० च्या वर किमतीचे लाभ दिले तर कंपनीने १० टक्के टीडीएस भरायचा असतो, आणि त्या लाभाची किंमत तुमचं धंद्याचं उत्पन्न ठरते. म्हणून बँकॉकच्या सहलीआधी कंपनी तुमच्याकडून काही हजार मागते तेव्हा ती फसवणूक असेलच असं नाही. वस्तूरूपात दिलेल्या लाभावरचा कर आधी भरला गेल्याची खात्री करणं तिला भाग असतं. ते पैसे तुमच्या पॅनवर टीडीएस म्हणून दिसतात का, एवढं २६एएसमध्ये तपासा. प्रत्यक्ष मालाची माहिती देणारी परिषद यात येत नाही, पण टार्गेट गाठलेल्यांनाच नेणारी सहल, बरोबर नेलेले घरचे आणि वाढवलेला मुक्काम येतो, असं केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०२२ च्या १२ क्रमांकाच्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे.

सगळं एका पानावर

वर्षाचा हिशोब असा मांडतात. सुरुवातीचा साठा २२,०००, खरेदी ३,१०,०००. त्यातून घरवापर ३६,०००, नमुने ९,००० आणि शिल्लक माल २८,००० काढले की विकलेल्या मालाची किंमत २,५९,००० उरते. विक्री ३,२४,०००, म्हणजे विक्रीवरचा फायदा ६५,०००. कमिशन १,५०,०००; टीडीएस कापण्याआधीचा पूर्ण आकडा, बँकेत आलेला १,४७,००० नव्हे. ढोबळ मिळकत २,१५,०००.

आता खर्च. जागा २४,०००, स्कूटर ७,६००, स्कूटरचा घसारा (४०,००० वर १५ टक्के, त्याचे ४०) २,४००, फोन आणि वाय-फाय ६,०००, मोबाइलचा घसारा ८१०, नमुने ९,०००, कॅटलॉग-कुरिअर-पॅकिंग ११,०००, ट्रेनिंग आणि प्रवास ८,५००. बेरीज ६९,३१०. निव्वळ नफा १,४५,६९०. नमुने खरेदीतून काढले म्हणूनच खर्चात घेता आले, हे लक्षात घ्या. दोन्हीकडे ठेवले तर ९,००० दोनदा वजा होतात.

दुसरं काही उत्पन्न नसेल तर या नफ्यावर कर शून्य आणि कापलेले ३,००० परत. नव्या प्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही, आणि ८७एच्या सवलतीमुळे १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर तो शून्यावर येतो. अशा वेळी खर्च ओढूनताणून फुगवण्यात काही अर्थ नाही. उलट गृहकर्जाला किंवा मुद्रा कर्जाला बँक याच रिटर्नमधला नफा बघते.

नोकरीही असेल आणि पगाराचं करपात्र उत्पन्न १३ लाख असेल, तर हे ६९,३१० रुपये १५ टक्क्यांच्या टप्प्यात बसतात आणि ४ टक्के सेससह सुमारे १०,८०० वाचतात. मात्र धंद्यात तोटा झाला तर तो पगारातून वजा होत नाही. रिटर्न मुदतीत भरलं तर तो आठ वर्षं पुढे नेता येतो आणि धंद्याच्याच नफ्यातून फेडता येतो. जुनी प्रणाली घ्यायची असेल तर धंद्याचं उत्पन्न असलेल्याला मुदतीआधी फॉर्म १०-आयईए भरावा लागतो, आणि एकदा नव्यात परतलं की पुन्हा जुनी घेता येत नाही. दरवर्षी उड्या मारायची सोय फक्त नुसत्या पगारदाराला आहे.

टीडीएस वजा जाऊन वर्षाचा कर १०,००० किंवा जास्त होत असेल तर १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्चला आगाऊ कर भरा, नाहीतर महिन्याला १ टक्का व्याज लागतं.

जीएसटीचं थोडक्यात: विक्री आणि कमिशन मिळून २० लाखांच्या आत असाल तर नोंदणी लागत नाही. पण कोल्हापुरातून बेळगावला किंवा मडगावला माल विकून पार्सल पाठवलं की ती आंतरराज्य विक्री झाली, आणि मालाच्या आंतरराज्य विक्रीला उलाढाल कितीही असली तरी नोंदणी लागते. तिकडच्या नातलगांना त्यांच्या आयडीवरून मागवायला सांगणं सोयीचं.

रिटर्न भरण्याआधी एआयएस आणि २६एएस डाउनलोड करा आणि कंपनीच्या कमिशन स्टेटमेंटशी महिन्यागणिक ताडून बघा. मार्चचं कमिशन एप्रिलमध्ये जमा होतं, तिथे हमखास फरक येतो. टीडीएस ज्या वर्षात दाखवला आहे त्याच वर्षात उत्पन्नही धरा म्हणजे गुंता होत नाही. खोटा खर्च दाखवून उत्पन्न लपवलं असं ठरलं तर बुडवलेल्या कराच्या २०० टक्के दंड होऊ शकतो, म्हणून बिल नसलेली ओळ काढून टाकलेली बरी. परतावा ज्या खात्यात हवा ते पोर्टलवर आधी व्हॅलिडेट करा. रिटर्न सबमिट केल्यावर ३० दिवसांच्या आत आधार ओटीपीने ई-व्हेरिफाय करा, नाहीतर ते भरलेलं धरत नाहीत. बिलं, वही आणि डिकीतली वही एका पिशवीत घालून वर्ष लिहा आणि सहा वर्षं जपून ठेवा.